स्ट्रॉबेरीची नवी पानं दरवर्षी पिवळी पडतात? खानदेशच्या काळ्या मातीतलं कारण आणि इलाज

कोजागिरीनंतर रोपं लागतात, दिवाळीपर्यंत हिरवीगार असतात आणि डिसेंबर उजाडला की मधून येणारी नवी पानं फिकट पिवळी यायला लागतात. मग युरिया पडतो. फरक नाही. मग बुरशीनाशक, मग कुठलंसं टॉनिक, आणि शेवटी रोपंच खराब आली म्हणून नर्सरीवाल्याला बोल. पुढच्या वर्षी दुसऱ्या नर्सरीची रोपं आणि पुन्हा तेच. घरामागच्या तुकड्यात किंवा प्लॉटवर शंभर-दोनशे रोपं लावणाऱ्या जळगाव-धुळ्याकडच्या जवळपास प्रत्येकाची ही तक्रार असते, आणि दहात आठ वेळा रोग नसतोच. मातीतला चुना आणि बोअरचं पाणी, हे दोन मिळून झाडाचं लोह अडवतात.

महाबळेश्वरची माती जांभ्याची, आम्लधर्मी. उंची समुद्रसपाटीपासून साधारण साडेतेराशे मीटर. तिथलं वेळापत्रक आणि तिथला खतांचा तक्ता तापी-गिरणेच्या काठावर जसाच्या तसा चालत नाही. सातपुड्यात डाब, तोरणमाळकडे हवा थंड म्हणून पीक जमतं. मैदानात थंडी जेमतेम मिळते, पण खरी अडचण जमिनीखाली आहे.

आधी पान नीट पाहा

लोहाची कमतरता नेहमी सगळ्यात नव्या, मधल्या पानांवर दिसते. पानाचा गर पिवळा पडतो, शिरा मात्र हिरव्या राहतात, जणू पानावर हिरवी जाळी काढली आहे. फार वाढलं की पान जवळजवळ पांढरं होतं आणि कडा करपतात. लोह झाडात एका पानातून दुसऱ्या पानात सहज जात नाही, म्हणून जुनी पानं हिरवी आणि नवी उपाशी, असं उलटं चित्र दिसतं.

जुनं, खालचं पान सरसकट पिवळं आणि नवं हिरवं असेल तर ती नत्राची कमतरता. जुन्याच पानांत शिरांच्या मधे पिवळेपणा असेल तर मॅग्नेशियम. नवं पान लहान, पिवळसर, पण दातेरी कडेला हिरवी किनार टिकलेली असेल तर जस्त. आपल्या काळ्या जमिनीत जस्तही कमी पडतं, त्यामुळे दोन्ही एकदम दिसणं नवल नाही. आणि पानावर टाचणीने टोचल्यासारखे बारीक पिवळे ठिपके, खाली धूळकट जाळी असेल तर तो लाल कोळी. त्याचा या लेखातल्या औषधांशी संबंध नाही, पुढे वेगळं लिहिलं आहे.

अंदाजावर खर्च करण्याआधी एक सोपी खात्री करून घ्या. पाव लिटर स्वच्छ पाण्यात १ ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) विरघळवा. स्ट्रॉबेरीच्या एका पानाला तीन पाकळ्या असतात. एका पिवळ्या पानाची फक्त मधली पाकळी मऊ ब्रशने दोन्ही बाजूंनी पुसून घ्या, शेजारच्या दोन कोरड्या ठेवा आणि देठाला दोरा बांधा. हे संध्याकाळी करायचं. पाच ते आठ दिवसांत पुसलेली पाकळी ठिपक्या-ठिपक्यांनी हिरवी होत गेली आणि बाजूच्या दोन तशाच राहिल्या, तर लोहच कमी आहे. तिन्ही तशाच राहिल्या तर लोहावर पैसे घालू नका, दुसरं कारण शोधा.

मग माती आणि पाणी

वाफ्यातलं सुकं ढेकूळ घ्या, त्यावर चमचाभर पांढरं व्हिनेगर टाका. फसफसलं तर मातीत मोकळा चुना आहे. व्हिनेगर सौम्य असतं, त्यामुळे थोडा चुना असेल तर काहीच दिसत नाही. अशा वेळी बाथरूम साफ करायचं ॲसिड एक भाग, पाणी नऊ भाग असं करून दोन थेंब टाकावेत. ॲसिड पाण्यात ओतायचं, पाणी ॲसिडमध्ये नाही. हातमोजे आणि चष्मा घालूनच. पांढरे चुनखडीचे खडे डोळ्यांनाच दिसत असतील तर चाचणीची गरजही नाही.

पाण्याची साक्ष घरातच मिळते. माठाच्या बाहेरून पांढरी पापडी धरते, गिझरच्या कॉइलवर थर बसतो, ड्रिपरचं तोंड पांढरं होऊन बुजतं. हे सगळं पाण्यात विरघळलेल्या बायकार्बोनेट क्षारांचं काम. अशा पाण्याचा प्रत्येक थेंब मुळापाशी मातीचा पीएच (आम्लतेचं माप; आकडा वाढला की आम्लता कमी) वर ढकलतो. स्ट्रॉबेरीला ५.५ ते ६.५ हवा असतो, आपल्या काळ्या जमिनीचा बहुतेक ठिकाणी ७.८ ते ८.५. या पीएचला लोह गंजासारखं घट्ट होतं आणि मुळाला घेता येत नाही. बेसाल्टपासून झालेल्या मातीत लोह भरपूर असतं. ते ‘आहे’ पण ‘मिळत’ नाही. म्हणून नुसतं लोखंडाचं खत मातीत टाकत राहणं म्हणजे बुडाला भोक असलेल्या हंड्यात पाणी भरणं.

माती-पाण्याची रीतसर तपासणी करायची तर ममुराबाद, पाल, धुळे किंवा नंदुरबारच्या कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करा. नमुना देतानाच मातीसाठी ‘मुक्त चुना’ आणि पाण्यासाठी ‘बायकार्बोनेट आणि ईसी’ (ईसी म्हणजे क्षारांचं माप) असं स्पष्ट लिहून द्या. नुसता नत्र-स्फुरद-पालाशचा अहवाल या दुखण्याला काही कामाचा नाही.

एक गोष्ट लोक विसरतात. चुना आणि पाणी तेच असताना पिवळेपणा कधी वाढतो, कधी कमी होतो, तो ओलाव्यामुळे. भारी जमीन सतत चिंब राहिली की मुळांच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड अडकून राहतो, चुन्याशी मिळून आणखी बायकार्बोनेट तयार होतं. म्हणजे झाड पिवळं दिसलं म्हणून पाणी वाढवणं हा सगळ्यात वाईट इलाज. मुळापाशी चार बोटं उकरून माती मुठीत दाबा. पाणी सुटलं किंवा चिकट गोळा झाला, तर आधी दोन दिवस ठिबक बंद.

या आठवड्यात काय करायचं

पिवळेपणा आत्ता समोर आहे, तर जमिनीतून चिलेटेड लोह (दुसऱ्या रेणूने धरून विरघळतं ठेवलेलं लोह) द्या, पण पाकीट वाचून. दुकानात ‘चिलेटेड आयर्न १२ टक्के’ म्हणून जे सहज मिळतं ते ईडीटीए. ते फवारणीला ठीक आहे. चुनखडीच्या मातीत मात्र ते लोह सोडून कॅल्शियम धरतं आणि खर्च वाया जातो. आळवणीसाठी, म्हणजे मुळाशी ओतायला, ईडीडीएचए हवं. त्यात लोह ६ टक्के असतं, भाव बराच जास्त असतो आणि पाण्यात टाकताच गडद लाल रंग येतो. ‘टक्का कमी आणि भाव जास्त’ पाहून बरेच जण ते परत ठेवतात. इथे महागच घ्या.

१०० रोपांना १० ग्रॅम ईडीडीएचए, १२ ते १५ लिटर पाण्यात. प्रत्येक रोपाच्या बुडाशी १२० ते १५० मिली. वेळ संध्याकाळची, कारण उन्हात हे चिलेट तुटतं. मल्चिंग पेपरच्या भोकातून ओतलं तर उत्तम. दहा-बारा दिवसांनी जे पान नवं येईल ते हिरवं आलं पाहिजे. जुनी पिवळी पानं थोडी सुधारतात, पांढरी पडलेली सुधारत नाहीत. त्यांच्यावरून निकाल ठरवू नका. गरज पडली तर तीन आठवड्यांनी पुन्हा एकदा.

फवारणी हा स्वस्त आणि तात्पुरता आधार आहे. १० लिटर पाण्यात २५ ते ३० ग्रॅम हिराकस आणि १० ग्रॅम सायट्रिक ॲसिड. आधी सायट्रिक विरघळवा, मग हिराकस. उलटं केलं तर बोअरच्या पाण्यात लगेच तांबूस गाळ बसतो आणि नोझल तुंबतं. हिराकस फिकट हिरवी, खड्यांची असावी. पिवळट-तपकिरी भुकटी झालेली हिराकस हवा लागून बिघडलेली असते, ती घेऊ नका. द्रावण त्याच दिवशी संपवा. आधी चार-पाच झाडांवर मारून दोन दिवस पाहा, कारण स्ट्रॉबेरीचं कोवळं पान लवकर करपतं. फुलांवर आणि पिकत्या फळांवर मारू नका, डाग पडतात.

कायमचा बंदोबस्त : पाणी

मातीपेक्षा पाणी दुरुस्त करणं सोपं आहे, आणि लोक नेमकं उलट करतात.

माती आंबट करायला लोक गंधक घालतात, आधी त्याचा हिशेब पाहा. एक चौरस मीटर जागा, १५ सेंटिमीटर खोली, म्हणजे सुमारे २०० किलो माती. त्यात चुना ५ टक्के धरला तर १० किलो चुना झाला. १०० ग्रॅम चुना मारायला ३२ ग्रॅम गंधक लागतं, म्हणजे एका चौरस मीटरला ३ किलो २०० ग्रॅम. अख्ख्या वाफ्याचा पीएच उतरवण्याच्या गप्पा इथेच संपतात. जिप्समने तर चुनखडीच्या मातीचा पीएच उतरतच नाही; जिप्सम चोपण (सोडियम वाढलेल्या) जमिनीचं औषध आहे.

गंधक वापरायचंच तर पट्ट्यात. लॅटरल (ठिबकची नळी) जिथून जाणार त्या ओळीखाली हातभर खोल सरी काढून दर मीटरला ५० ग्रॅम बेंटोनाइट गंधक, ५ किलो नीट कुजलेलं शेणखत आणि २०० ग्रॅम निंबोळी पेंड मिसळून घाला. सगळी माती नाही बदलत, पण मुळांना घेण्यापुरती आम्ल जागा तयार होते. हे काम ऑगस्टअखेर ते सप्टेंबरमध्ये उरकावं. गंधकाचं आम्ल जिवाणू करतात, त्यांना ऊब, ओल आणि दीड महिना लागतो. डिसेंबरच्या थंडीत टाकलेलं गंधक तसंच पडून राहतं.

आता पाणी. १०० रोपं, दोन ओळी, ३० सेंटिमीटरवर झिगझॅग, म्हणजे वाफा १५ मीटर लांब. मधून १६ मिमीची एक लॅटरल, दर ३० सेंटिमीटरला ताशी २ लिटरचा ड्रिपर, एकूण ५० ड्रिपर. डिसेंबरात रोपाला दिवसाला पाव लिटर धरा, म्हणजे २५ लिटर, म्हणजे फक्त १५ मिनिटं. तीही एकदम नाही. सकाळी ८ मिनिटं आणि दुपारी ७ मिनिटं. फेब्रुवारीच्या शेवटी दीडपट लागेल. तासभर ठिबक चालू ठेवणारे भारी जमिनीत मुळं बुडवतात.

इतकं थोडं पाणी लागतं म्हणून ते २०० लिटरच्या ड्रममध्ये सुधारून घेणं परवडतं. खूप चुन्याच्या बोअरच्या पाण्याला २०० लिटरला ५० ग्रॅम सायट्रिक ॲसिडपासून सुरुवात करा, ढवळा, दहा मिनिटांनी पीएच पट्टीने पाहा. ६ ते ६.५ वर आलं की थांबा. नाही आलं तर १० ग्रॅम वाढवा. तुमच्या बोअरचा आकडा एकदा सापडला की तोच ठेवा, फक्त उन्हाळ्याकडे पाणी खोल गेलं की पुन्हा तपासा. मातीतले जिवाणू सायट्रिक खाऊन टाकतात, त्यामुळे एकदा देऊन भागत नाही, दर ड्रमला द्यावं लागतं. फॉस्फरिक ॲसिड जास्त टिकाऊ, शेतावरच्या ठिबकला लोक तेच सोडतात. पण स्फुरद जास्त झालं की तेही लोहाला धरून बसतं. छोट्या वाफ्याला महिन्यातून एखाद्या ड्रमपुरतंच ते वापरावं.

पावसाचं पाणी साठवता आलं तर याहून चांगलं काही नाही. हजार चौरस फुटांच्या स्लॅबवर १० मिलिमीटर पाऊस पडला की सुमारे ९०० लिटर पाणी होतं. १०० रोपांच्या अख्ख्या हंगामाला चार-पाच हजार लिटर पुरतं, म्हणजे बंद झाकणाची ५००० लिटरची एक टाकी. तेवढी जागा नसेल तर बोअरचं अर्धं आणि पावसाचं अर्धं मिसळलं तरी फरक पडतो.

आरओ यंत्रातून बाहेर जाणारं वाया पाणी वाफ्यात सोडायची टूम निघाली आहे. ते कृपा करून कुंड्यांना, वाफ्याला कशालाच घालू नका, निदान स्ट्रॉबेरीला तर नाहीच. त्यात बोअरचेच क्षार दाट होऊन आलेले असतात. स्ट्रॉबेरी क्षारांना सगळ्यात नाजूक पिकांपैकी आहे. पाण्याची ईसी ०.७ च्या पुढे, म्हणजे टीडीएस मीटरवर साधारण ४५० च्या पुढे गेली की उत्पन्न उतरायला लागतं. पानाच्या कडा तपकिरी, कुरकुरीत आणि वाफ्याच्या खांद्यावर पांढरी बुरी, ही त्याची खूण. अशा वेळी पोटॅश द्यायचं तर म्युरेट नको, सल्फेट ऑफ पोटॅश. वॉटर सॉफ्टनरचं पाणीही नको. त्यात कॅल्शियम जाऊन सोडियम आलेलं असतं.

खतातही थोडा बदल करा. नत्र अमोनियम सल्फेटमधून द्या: १०० रोपांना दिवसाआड १० ग्रॅम, त्या दिवसाच्या २५ लिटर पाण्यात. अमोनियम घेताना मूळ आजूबाजूची माती स्वतःच किंचित आंबट करतं. राख मात्र कुठल्याही वाफ्यात नको. पऱ्हाट्या जाळून राख घालायची जुनी सवय आहे, पण राख म्हणजे चुन्यात भर.

पिवळेपणासारखं दिसतं, पण वेगळं आहे

रोप लावून आठवड्यात मान टाकतं आणि ओढल्यावर गड्डा आतून तांबूस निघतो: रोप खोल गेलं. गड्ड्याचा वरचा अर्धा भाग मातीबाहेर हवा. मैदानात सप्टेंबरची लागवड करूच नका, ऑक्टोबर हीटमध्ये रोपं उकडतात. ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा बरा, पहिले १०-१५ दिवस ५० टक्के शेडनेट. मल्चिंग पेपर चंदेरी-काळा, चंदेरी बाजू वर.

भरताची वांगी काढलेल्या जागेत स्ट्रॉबेरी लावणं ही खास आपल्याकडची चूक. वांगं, टोमॅटो, मिरची यांची मर आणि सूत्रकृमी मातीत राहतात आणि स्ट्रॉबेरीला धरतात. त्या जागेत आधी ताग किंवा मका घ्या. शेजारी वांग्याचा वाफा उभा असेल तर लाल कोळी तिथूनच येतो. संक्रांतीनंतर दर चार दिवसांनी जुनं पान पांढऱ्या कागदावर झटका. हलणारे बारीक ठिपके दिसले की पानांच्या खालून जोराचं पाणी मारा, मग निंबोळी तेल. गंधकाची फवारणी १० लिटरला २० ग्रॅम चालते, पण पारा ३२ अंशांच्या वर गेल्यावर पान भाजतं, आणि तेलाच्या फवारणीनंतर दोन आठवडे गंधक नको.

फळ वेडंवाकडं, टोकाला बिया दाटलेल्या: परागीभवन अपुरं झालं किंवा फुलात फुलकिडे होते. सकाळी फुलावर मधमाशी असताना काहीही फवारू नका.

बाकीच्या बेऱ्या

ब्लूबेरीला ४.५ ते ५.५ पीएच लागतो, मुळांना केसमुळं नसतात आणि चुना जरासुद्धा खपत नाही. मैदानी खानदेशात ती जमिनीत लावणं म्हणजे पैसे पुरणं. हौसच असेल तर मोठ्या ग्रो-बॅगमध्ये, पूर्ण पावसाच्या पाण्यावर, कमी थंडी लागणारी जात घेऊन. तरी मे महिन्याचे ४४-४५ अंश तिला काढायचेच आहेत. बॅगेत कोकोपीट वापराल तर ५ किलोच्या विटेचं ७० लिटरच्या आसपास होतं. ते दोन-तीनदा धुवून घ्या, कच्च्या कोकोपीटमध्ये मिठाचा अंश असतो. शेवटचं धुणं पावसाच्या पाण्याने.

तुतीलाही या मातीत कधी कधी हाच पिवळेपणा येतो, पण ती तगते. तिची खरी तक्रार ‘झाड माजलं, फळ नाही’ अशी असते. फळ नव्या फुटीवर येतं, म्हणून डिसेंबर-जानेवारीत छाटणी करून उरलेली पानं ओरबाडून काढा, मग पाणी द्या. शेंडा आखडून पानं चुरगळली असतील तर तो पिठ्या ढेकूण. ते शेंडे कापून जाळावेत.

फालसाही नव्या फुटीवरच फळतो. थंडीत झाड जमिनीपासून मीटरभर ठेवून छाटा, एप्रिल-मेमध्ये फळ. पिकलेलं फळ दुसऱ्या दिवशी मऊ पडतं, तेव्हा घरच्यापुरतीच दोन झाडं पुरे. रसभरीला चुना फारसा खुपत नाही, साचलेलं पाणी मात्र मारतं. उंच वरंब्यावर लावा. करवंदाला तर या मातीत काहीच सांगायचं नाही, कुंपणाला लावून सोडून द्यावं, फक्त रोप पहिले दोन उन्हाळे पाण्याने जपा.

मैदानातली स्ट्रॉबेरी मार्चच्या मध्याला उपटून टाकावी. पारा ३५ च्या पुढे गेला की फूल थांबतं, धावत्या वेली सुटतात आणि कोळी माजतो. त्या वेलींवरून पुढच्या वर्षीची रोपं धरायचा मोह होतो, पण मे काढताना दहातली दोन जगतात आणि तीही कोळ्यासकट. वाफा तसाच ठेवून, पेपर गुंडाळून, एकदा भरपूर पावसाचं किंवा सुधारलेलं पाणी सोडा म्हणजे साठलेले क्षार खाली उतरतील. मृगाच्या सरी आल्या की ताग पेरा आणि फुलावर येताच गाडा. त्यानंतर गंधकाचा पट्टा पुन्हा घालायला ऑगस्टअखेर जागा मोकळी असते.